ऑबरडाइनची बोट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडंफार नीट केलं आहे.)



संयोजकांचा निरोप असा होता की प्रत्येकाने आपल्या कामधंद्यातलं काहीतरी वीस मिनिटांत सांगावं. काल मधुमेहावर झालं, ठिबक सिंचनावर झालं, म्युच्युअल फंडांवर तर इतकं झालं की पुऱ्या थंड झाल्या. मी सॉफ्टवेअरवाली. पॉलिसीचे हप्ते मोजणारी एक जुनी प्रणाली चालू ठेवायची, हे माझं काम. ती प्रणाली माझ्या टीममधल्या निम्म्या मुलांपेक्षा वयाने मोठी आहे. त्यावर बोलायला लागले तर शेवटच्या बाकावरचे आजही झोपतील. म्हणून जरा वेगळा विषय घेतला आहे. संगणकाच्या खेळांत जी गावं, जंगलं, बंदरं असतात, ती वीस-पंचवीस वर्षं चालू राहिली की त्यांचं काय होतं?

आधी खेळ म्हणजे कुठला खेळ ते सांगते, कारण सर-बाईंच्या डोळ्यांसमोर नातवाचा मोबाइल आला असणार. मी म्हणते ते खेळ एकट्याने खेळायचे नसतात आणि ते संपतही नाहीत. एक जग असतं, ते कंपनीच्या सर्व्हरवर रात्रंदिवस चालू असतं. आपण त्यात एक पात्र घ्यायचं, योद्धा, वैद्य, शिकारी असं काहीतरी, आणि तेच पात्र वर्षानुवर्षं वाढवायचं. त्याच वेळी तिथे हजारो माणसं आपापली पात्रं घेऊन हिंडत असतात. तुम्ही संगणक बंद करून झोपलात तरी तिथला बाजार भरलेलाच असतो. आपल्या गॅदरिंगचं नाटक समजा, फक्त पडदा कधी पडत नाही, संहिता कुणाकडेच नाही आणि प्रेक्षकसुद्धा सगळे स्टेजवरच.

याची सुरुवात आपल्या जन्माच्याही आधीची. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने ‘मड’ हा खेळ लिहिला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला. चित्र एकही नाही, नुसती वाक्यं. चित्रांचं मोठं जग लोकांपर्यंत नेलं ते १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ने. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. रचनाकारांनी त्या जगात जीवसृष्टीचं चक्र घातलं होतं. ससे गवत खाणार, लांडगे ससे खाणार, आणि खायला कमी पडलं की मोठे प्राणी गावाकडे येणार. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातली अन्नसाखळी. खेळाडू आत आले आणि दिसेल ते मारत सुटले. ससे जन्मायच्या आत संपायला लागले, आणि शेवटी ते चक्र काढून टाकावं लागलं. जग बांधणाऱ्यांच्या ध्यानात तेव्हा आलं की या जगाचं हवामान, पाऊस, दुष्काळ जे काही आहे ते माणसंच आहेत.

त्याच खेळात पुढे दुसरी तक्रार आली. गावाबाहेर पडलं की लुटारू खेळाडू नवख्यांना मारून त्यांचं सामान न्यायचे. कंपनीने २००० साली काय केलं, तर अख्ख्या जगाची दुसरी प्रत काढली. तीच गावं, तेच डोंगर, पण तिथे कुणी कुणाला मारू शकत नाही. बहुतेक लोक शहाण्यासारखे सुरक्षित प्रतीत राहायला गेले आणि जुन्या जगातले रस्ते ओस पडले. लुटारूंनाही लुटायला कुणी उरलं नाही. चूक कुणाची, सांगा बघू? मागणी रास्त होती, उपायही बरोबर होता.

आता मी ज्या खेळात सगळ्यात जास्त वर्षं काढली त्याकडे येते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. तो २३ नोव्हेंबर २००४ ला सुरू झाला आणि आजही चालू आहे. २०१० च्या सुमारास त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. हो, वर्गणी. महिन्याला पंधरा डॉलर.

मी तो खेळायला लागले २००६ मध्ये. कंपनीने मला मिनियापोलिसला पाठवलं होतं, बाहेर उणे वीस तापमान, ओळखीचं कुणी नाही. ऑर्कुटवर आपल्या शाळेची कम्युनिटी होती, आठवते का? तिथे एकाने लिहिलं होतं की तो हा खेळ खेळतो आणि सोबत कुणी आहे का. ‘क’ तुकडीतला, खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरचा. काल संध्याकाळी आपण उभं राहून ज्यांची नावं घेतली त्यांतलं एक त्याचं. आज नाव घेत नाही, त्याला स्टेजवरून नाव घेतलेलं कधीच आवडायचं नाही. तुम्हाला कळलं असेलच.

शाळेत दहा वर्षांत आम्ही एकमेकांशी एक वाक्य बोललो नव्हतो. तेव्हा मुलं-मुली बोलतच नसत, बोललं की दुसऱ्या दिवशी फळ्यावर नावं. आणि आता तो पुण्यात, मी अमेरिकेत. माझी शुक्रवारची रात्र साडेनऊ म्हणजे त्याची शनिवारची सकाळ नऊ. ‘पोहे खाऊन आलो’ असं रोमन लिपीतल्या मराठीत लिहायचा आणि आम्ही निघायचो. मी योद्धा, म्हणजे पुढे उभं राहून मार खाणारी. तो प्रीस्ट, म्हणजे मागे उभं राहून मला बरं करणारा. पुढे आमच्यात तीन अमेरिकन मुलंही आली. त्यांना मराठीतले दोनच शब्द येत, ‘थांब’ आणि ‘पळा’. तेवढ्यावर आमची दोन वर्षं छान गेली.

आमची दोघांची पात्रं एकाच जमातीची. ती जमात जन्मते टेलड्रासिल नावाच्या एका प्रचंड झाडावर, समुद्रातल्या बेटावर. तिथून छोट्या प्रवासाने किनाऱ्यावरच्या ऑबरडाइन गावात यायचं. पण बाजार, लिलाव, कामं देणारी माणसं, सगळी गर्दी होती दुसऱ्या खंडावर, आयर्नफोर्ज शहरात. ऑबरडाइनच्या धक्क्यावरून बोट सुटायची ती पलीकडे मेनेथिल हार्बरला लावायची. आणि मेनेथिलपासून पुढे वेटलँड्स, म्हणजे दलदल. त्या दलदलीतल्या मगरी आमच्या दुप्पट ताकदीच्या. रस्ता सोडला की मगर, रस्ता धरला तरी मगर. त्यातून वाचलात तर घाटातल्या बोगद्यांत ऑर्क बसलेले. मेलात तर आत्मा स्मशानात उठतो आणि आपल्या प्रेतापर्यंत चालत यावं लागतं. पहिल्या रात्री आम्ही किती वेळा मेलो ते मोजणं मी अकरानंतर सोडून दिलं. घाट चढून लॉक मोडानचं तळं दिसलं तेव्हा मिनियापोलिसमध्ये रात्रीचा दीड वाजला होता. खेळ म्हणून बघितलं तर ही वाईट रचना आहे. नवख्याला नीट सांगितलेलं नाही, शिक्षा फार आणि बक्षीस काहीच नाही. पण वाटेत भेटलेला एक अनोळखी मोठा खेळाडू आमच्यासाठी मगरी मारत अर्धा तास सोबत चालला होता, आणि त्याच्या पात्राचं नाव मला आजही पाठ आहे.

मग जग वाढायला लागलं.

अशा खेळाला दर दोन वर्षांनी नवा प्रदेश विकावा लागतो, नाहीतर वर्गणी थांबते. १६ जानेवारी २००७ ला पहिला नवा प्रदेश आला. तोवर सर्वांत वरची पातळी ६० होती, ती ७० झाली. जुन्या जगात चाळीस-चाळीस जणांनी महिनोन्‌महिने दर आठवड्याला एकत्र जमून मिळवलेल्या तलवारी होत्या. नव्या प्रदेशातल्या पहिल्याच खेड्यात दोन-चार किरकोळ कामं केली की त्यांच्या तोडीची तलवार मिळायला लागली. लोक चिडले. पण नव्या प्रदेशात जुन्याहून कमी दर्जाचं सामान ठेवलं असतं तर तिकडे गेलं कोण असतं? मग दर वेळी आकडा वाढवणं आलंच. या आजाराला त्या लोकांत एक नावही आहे, ‘मडफ्लेशन’, त्या जुन्या ‘मड’वरून.

अर्थशास्त्राच्या सरांसाठी एक हिशेब आणला आहे. सुरुवातीला चाळिसाव्या पातळीला पहिला घोडा मिळायचा, त्याला सगळं धरून शंभरेक सोन्याची नाणी लागत. ती जमवताना आमच्या नाकी नऊ आले होते, त्याने तर दोन आठवडे मासे विकले. २००८ मध्ये दुकानदार पाठीवर घेऊन फिरणारा एक केसाळ हत्ती आला, किंमत २०,०००. २०१२ मध्ये तसाच एक याक आला, १,२०,०००. २०१८ मध्ये पाठीवर लिलावघर असलेला डायनोसॉर आला, ५० लाख. चौदा वर्षांत शंभरापासून पन्नास लाखांपर्यंत. आमच्या आजीला सोनं किती रुपये तोळा मिळालं होतं ते ऐकताना आपण जसे हसायचो तशीच नवी मुलं आमच्या घोड्याची किंमत ऐकून हसतात.

आकडे वाढत गेले की शेवटी संगणकच हात जोडतो. ३२ बिटांच्या पूर्णांकाला मर्यादा असते, २,१४,७४,८३,६४७. मोठमोठ्या राक्षसांचे प्राण त्या आकड्याच्या आसपास पोचायला लागले. म्हणून २०१४ मध्ये कंपनीने सगळ्या जगाचे आकडे एकदम दाबून लहान केले, आणि २०२० मध्ये पातळ्याही दाबल्या. १२० ची माणसं एका दिवसात ५० ची झाली आणि नवी कमाल मर्यादा पुन्हा ६०. सोळा वर्षं चढून लोक होते त्याच आकड्यावर आले. नोटांवरचे शून्य पुसणारे देश असतात, तसंच.

पण माझ्या मते आकड्यांनी फारसं बिघडवलं नाही. खरा बदल सोयींनी केला, आणि तो इतका हळू झाला की कुणाला बोट दाखवता येत नाही.

पूर्वी एखाद्या गुहेत जायचं तर पाच जण लागायचे. शहराच्या चौकात उभं राहून ओरडायचं, ‘एक वैद्य हवा, एक वैद्य हवा’. तासभर जमवाजमव, मग सगळ्यांनी चालत गुहेपर्यंत जायचं. कंटाळवाणं होतं, नोकरी करणाऱ्या माणसाला तर परवडत नव्हतं. पण कोण चांगला खेळतो, कोण मध्येच सोडून पळतो, कोण वाटणीत लबाडी करतो, हे अख्ख्या सर्व्हरला माहीत असायचं. नाव खराब झालं की चौकात कुणी सोबत घेत नसे. डिसेंबर २००९ मध्ये एक बटण आलं. ते दाबलं की संगणक वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक जमवून थेट गुहेत नेऊन सोडतो. पंधरा-वीस मिनिटांत काम संपतं, ‘नमस्कार’सुद्धा न म्हणता सगळे पांगतात. वागणं वाईट ठेवलं तरी चालतं, कारण ते चार जण पुन्हा कधी भेटणार नाहीत.

त्याआधी, २००८ मध्ये, ऑबरडाइनच्या बोटीचा मार्ग बदलला. ती मेनेथिलऐवजी थेट स्टॉर्मविंड शहराच्या नव्या बंदरात जाऊ लागली. दलदल नाही, मगरी नाहीत. नव्या प्रदेशात उडती वाहनं तर २००७ पासूनच होती. उडता यायला लागलं की वाटेत भेट होत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मी स्वतः ही कामं करते, म्हणून मला त्या लोकांचा राग येत नाही. माझ्याकडेही दर महिन्याला यादी येते: ही एक पायरी कमी करा, हा एक फॉर्म काढून टाका, इथे माणसाने फोन करायची गरज ठेवू नका. एकेक मागणी वाचली की वाटतं, बरोबर आहे. मीही तेच बटण लिहिलं असतं आणि वेळेत दिलं म्हणून शाबासकीही घेतली असती. पण जग जसजसं मोठं होत गेलं तसतशी माणसाला माणसाची गरज कमी होत गेली, हे मी आत राहून बघितलं आहे. प्रदेश दुप्पट, चौपट झाला. पुढे तर माणसं इतकी विरळ झाली की २०१२ मध्ये वेगवेगळ्या सर्व्हरवरचे रिकामे भाग एकत्र जोडावे लागले, पटसंख्या घटली की आपल्याकडे वर्ग जोडतात तसे.

२०१० मध्ये कंपनीने जुनं जगच मोडून नव्याने बांधलं. कारणं तांत्रिकही होती. जुने खंड उडण्यासाठी बांधलेलेच नव्हते. डोंगरांच्या मागे, जिथे पायी कुणी पोचणार नाही, तिथे नुसती अर्धवट, सपाट जमीन होती, सिनेमाच्या सेटच्या मागे असते तशी. वरून उडायला दिलं तर ते सगळं उघडं पडणार. म्हणून कथेत एक महाभयंकर ड्रॅगन आणला आणि त्याने प्रलय घडवला असं सांगितलं. एका मंगळवारच्या अपडेटमध्ये थाउजंड नीडल्स नावाची अख्खी दरी पाण्याखाली गेली. बॅरन्सचं माळरान मधोमध फाटलं. आणि ऑबरडाइन जमीनदोस्त झालं.

आपल्यातल्या दोघा-तिघांची मूळ गावं धरणात गेलेली आहेत. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते बघायला लोक लांबून जातात. खेळात तेवढंही नाही. सर्व्हरवरची फाइल बदलली की जुनं गाव कुठल्याच उन्हाळ्यात वर येत नाही. त्या मंगळवारी त्याने मला एक ओळ पाठवली होती, ‘आपला धक्का गेला’. तोवर आमचा गट पांगलेला होता. मी परत आले होते, माझी मुलगी वर्षाची होती, त्याची बदली बंगळूरला. आमचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं होतं.

पुढे कथेच्या ओघात २०१८ मध्ये टेलड्रासिलही जाळलं. आणि त्यात एक गंमत बघा. नवख्या पात्राला ते झाड अजून हिरवंगार दिसतं, कारण त्याचा जन्मच तिथे व्हायचा असतो. मोठ्या पात्राला त्याच जागी जळका बुंधा दिसतो. दोघं एकाच किनाऱ्यावर, पण दोन वेगळ्या काळांत. एवढ्या वर्षांची कथा एकाच नकाशात कोंबायची म्हणजे दुसरा इलाजही नाही.

मग लोक जुनं जग मागू लागले. २०१३ मध्ये कंपनीच्याच मेळाव्यात एकाने जाहीरपणे विचारलं, तेव्हा व्यासपीठावरच्या अधिकाऱ्याचं उत्तर साधारण असं होतं की तुम्हाला ते हवं आहे असं तुम्हाला वाटतं, पण खरंतर नको आहे. या उत्तरावर फार आग झाली. काही चाहत्यांनी ‘नॉस्टॅलरियस’ नावाचा बेकायदा सर्व्हर काढून जुना खेळ स्वतःच चालवला. एप्रिल २०१६ मध्ये कायदेशीर नोटिशीमुळे तो बंद पडला, तेव्हा तो परत यावा म्हणून दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. शेवटी कंपनी नमली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जुनं जग ‘क्लासिक’ नावाने परत आलं.

ते कसं आणलं हे ऐकण्यासारखं आहे, माझ्या धंद्यातलं म्हणून जरा रेंगाळते. जुना प्रोग्राम जसाच्या तसा चालवणं धोक्याचं होतं, त्यात जुन्या चुका आणि जुनी भगदाडं. म्हणून त्यांनी प्रोग्राम आजचा घेतला आणि २००६ ची, १.१२ या आवृत्तीची माहिती, म्हणजे कुठे झाड, कुठे मगर, मगरीत किती जीव, ती रूपांतरित करून त्यात भरली. चाचणीत लोक तक्रारी करायला लागले की अमुक बिघडलं आहे. तेव्हा कंपनीने एक यादीच छापली: या चुका नाहीत, हे असंच होतं. टॉरेन जमातीचा हात इतरांपेक्षा लांब पोचतो, असंच होतं. झालेल्या कामाची खूण नकाशावर नुसता ठिपका म्हणून दिसते, असंच होतं.

आणि कळस म्हणजे उशीर. २००४ चे सर्व्हर काही क्रिया सुमारे ४०० मिलिसेकंदांच्या गठ्ठ्यांत निकालात काढत, त्यामुळे वार आणि परिणाम यांच्यात किंचित थांबल्यासारखं व्हायचं. आजच्या सर्व्हरला तसं थांबायची गरज नाही. तर त्यांनी तो उशीर मुद्दाम परत घातला. माझं सगळं आयुष्य उशीर काढून टाकण्यात गेलं आणि इथे जगातले उत्तम इंजिनिअर तो परत बसवत होते! मी त्याला ही बातमी पाठवली. त्याचं उत्तर आलं, ‘आमच्याकडे तो फुकट होता’. खरं होतं. पुण्याहून अमेरिकन सर्व्हरवर २५६ केबीपीएसने खेळताना त्याचं औषध माझ्यापर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागायचा. म्हणून तो मला मार बसायच्या आधीच औषध सोडायचा. राक्षसाने हात उचलला की त्याचं बोट दाबलेलं. अमेरिकन मुलं विचारायची, याला आधीच कसं कळतं?

आम्ही दोघं २०१९ मध्ये परत आलो. नवी पात्रं, तेच झाड, तेच ऑबरडाइन, तीच बोट. मेनेथिलला उतरलो आणि एकदाही न मरता घाटापर्यंत पोचलो. दोघांनाही प्रत्येक मगरीची जागा पाठ होती. वर चढल्यावर तो म्हणाला, ‘मजा नाही आली ना?’ मी म्हटलं, नाही आली. आणि मग आम्ही तिथेच तळ्याकाठी बसून दीड तास बोललो. त्याच्या वडिलांचं आजारपण, माझ्या मुलीचं गणित, त्याची सुटलेली नोकरी. दलदलीने पूर्वी जे काम केलं होतं त्याची आता आम्हाला गरज उरली नव्हती.

सगळ्यांचंच तसं झालं होतं. रॅग्नरोस नावाचा अग्निराक्षस पहिल्यांदा मारायला २००५ मध्ये पाच महिने लागले होते. क्लासिकमध्ये तो पहिल्याच आठवड्यात मेला. गाव तेच, पण येणारा प्रत्येक जण पंधरा वर्षांचा अभ्यास करून आलेला. काही जण तर शहरातून मिळणारे ताकदीचे आशीर्वाद गोळा करत आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढच्या मोहिमेपर्यंत खेळच बंद ठेवत. खेळ नीट खेळता यावा म्हणून न खेळणं! २००६ मध्ये हे कुणाला सुचलंही नसतं. त्यांनी माती, झाडं, मगरी, उशीर सगळं परत आणलं, पण आमचं अडाणीपण कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हतं. तरी तो अधिकारी अर्धाच बरोबर निघाला असं मी म्हणेन. लोकांना खरंच हवं होतं ते. फक्त कशासाठी हवं आहे ते आल्यावर कळलं.

‘रूनस्केप’ या दुसऱ्या खेळाचं थोडक्यात सांगते. त्यांना ऑगस्ट २००७ ची एक जुनी प्रत सापडली आणि २०१३ मध्ये, खेळाडूंचं मत घेऊन, त्यांनी ती सुरू केली. मग खेळाडूच म्हणाले, थोडं नवंही घाला. मतदान घेऊन घालत गेले. आज त्या ‘जुन्या’ जगात इतकं नवं आहे की २००७ चा माणूस आला तर वाट चुकेल. क्लासिकचंही तेच. २०२१ मध्ये त्याचा पहिला विस्तार आला, २०२२ मध्ये दुसरा, आणि मे २०२४ मध्ये तो प्रलय. म्हणजे ऑबरडाइन दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झालं.

पण २०२१ मध्ये, त्या पहिल्या विस्ताराच्या वेळी, कंपनीने एक सोय ठेवली होती. प्रत्येक पात्राला एकदा विचारलं जायचं, पुढे जाणार की याच जुन्या काळात राहणार? मे महिन्यात तो प्रश्न आला. तो एप्रिलमध्ये गेला होता. त्या एप्रिलबद्दल इथे कुणाला काही सांगायला नको, ऑक्सिजनसाठी कुठे-कुठे फोन केले ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण ते फोन तुम्हीच केले होते. त्याच्या प्रीस्टला तो प्रश्न विचारला गेलाच नाही. तो अजून माझ्या मित्रांच्या यादीत आहे, नावापुढे ‘ऑफलाइन’. मी माझ्या योद्ध्याला जुन्या काळातच ठेवलं. तिथे माणसं मोजकी आहेत, चौकात अजून ओरडावं लागतं, आणि मोजकी आहेत म्हणूनच एकमेकांची नावं ठाऊक आहेत.

माझी वेळ संपत आली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. लॅपटॉप आणला आहे, प्रयोगशाळेच्या बाजूला तिसऱ्या टेबलावर ठेवला आहे, आणि शाळेचं वाय-फाय सकाळी तपासलं, चालतंय. चहाच्या वेळेत ज्यांना ऑबरडाइन बघायचं असेल त्यांनी या. बोट दर काही मिनिटांनी सुटते. ‘क’ तुकडीवाल्यांनी आधी यावं, तो रोज सकाळी नऊ वाजता कुठे असायचा ते दाखवते. मगरींचं मी बघून घेईन, तुम्ही फक्त ‘पळा’ म्हटलं की पळायचं.